आमची एक

नातीचं, रुचिकाचं, लग्न झालं त्या साली, म्हणजे दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात, मोनिका लक्ष्मणराव सेलोकरांच्या ओसरीत गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या खुर्चीच्या चारही पायांभोवती तिने खडूने गोल काढले.

"आता ही खुर्ची हलवायची नाही, आबाजी. झाडतानासुद्धा नाही."

"आन हललीच तं?"

"तर तुम्ही एका उत्तरात इकडे दिसाल, दुसऱ्या उत्तरात तिकडे. पोरं हसतील."

"हसू दे ना. मी मेल्यावर कोनी हासलं तं मले काय फरक पडते?"

मोनिका तुमसरची. तिच्या वडिलांची धानाची अडत होती. ती नागपूरच्या एका संस्थेत काम करत होती. ज्यांनी काही मोठं डोळ्यांनी पाहिलं आहे अशा म्हाताऱ्या माणसांना ही संस्था शेकड्यांनी प्रश्न विचारायची आणि प्रत्येक उत्तर वेगळं चित्रित करून ठेवायची. पुढे तो माणूस पडद्यावर बसल्या उंचीचा, जसाच्या तसा दिसणार होता. समोर येणाऱ्याने काहीही विचारावं. यंत्र साठवलेल्या उत्तरांमधून जुळेल ते शोधून त्या माणसाच्याच तोंडून ऐकवणार होतं.

"यंत्र स्वतःचा एक शब्द घालणार नाही," मोनिकाने पहिल्याच दिवशी सांगितलं. "आबाजी बोलले तेवढंच. पण ते शंभर वर्षं राहील."

आत तांदूळ पाखडणाऱ्या लक्ष्मणरावांच्या बायकोने, कुंताबाईंनी, तेवढं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

सांगायचं होतं ते कवठटोल्याच्या तलावाचं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, फुटली. पोळ्याला मोठे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात; त्या सकाळी सगळी लेकरं लवकर उठली होती. लक्ष्मणरावांचे वडील गावाचे पाणकर होते, म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना वाटून देणारे. वडील तापाने पडले होते म्हणून लक्ष्मणराव पारीवर गेले होते. माती पायाखालून सरकली ती त्यांनी पाहिली. त्यांनी ओरडून वरच्या टोल्याला, वरच्या वस्तीला, उठवलं. खालच्या आळीपर्यंत आवाज गेला नाही, पाणी गेलं.

ही हकिकत ते पंचेचाळीस वर्षं सांगत आले होते. पेपरवाल्यांना सांगितली, कॉलेजच्या मुलांना सांगितली, पाटबंधाऱ्याच्या साहेबाला चहा पाजून सांगितली. शब्दही तेच असत. कोण कोण गेलं असं कोणी विचारलं की ते आठ जणांची नावं घेत, आळीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, घराच्या क्रमाने. आणि मग म्हणत, "आन आमची एक."

आमची एक म्हणजे त्यांची मुलगी. ती चार वर्षांची होती आणि आपला बैल दाखवायला खालच्या आळीत गेली होती. तिचं नाव घरात कोणी घेत नसे. तेरवी झाल्यावर लक्ष्मणरावांच्या आईने सांगितलं होतं, बुडालेल्या लेकराचं नाव घरात घेऊ नये, घेतलं तर पुढचं पोट धरत नाही. दोन वर्षांनी विनोद झाला. नाव घ्यायचं नाही हे तोवर अंगवळणी पडलं होतं. मग सासू गेली. नाव आता घेतलं तरी चालेल, असं सांगणारं घरात कोणी उरलं नाही. कोतवालाला त्या वेळी तोंडी सांगितलं तेव्हा मृत्यूच्या नोंदीत सेलोकराची पोरगी एवढंच लिहिलं गेलं होतं. विनोदला आपल्याला एक बहीण होती हे माहीत होतं. नाव त्याने कधी विचारलं नाही. ज्या शेजारणींनी त्या पोरीला हाक मारली होती त्या एकेक करून गेल्या, आणि ते नाव माहीत असलेली गावात दोनच माणसं राहिली. ती एका घरात राहत होती आणि त्यावर बोलत नव्हती.

शंभर वर्षं राहणार असेल तर हे या वेळी नाव घेतील, असं कुंताबाईंना वाटलं. वाटलं म्हणजे फार काही नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून.

रोज तेच धोतर, तीच बंडी, खांद्यावर तोच दुपट्टा. तो कुंताबाई संध्याकाळी धुवायच्या आणि सकाळी तो वाळलेला असायचा. प्रत्येक उत्तराच्या आधी हात मांडीवर, उत्तर संपलं की पुन्हा मांडीवर. नाहीतर एका उत्तराला दुसरं जोडताना हात उडी मारतो, असं मोनिका म्हणाली. लक्ष्मणरावांना हात हलवल्याशिवाय बोलता येत नसे. ते पार दाखवायला हात उंच करायचे, पाणी दाखवायला आडवा फिरवायचे, आणि शेवटी हात आठवून परत आणायचे.

एक दुपार नुसतं गप्प बसण्यात गेली. कोणी काही विचारत नसेल तेव्हा पडद्यावरचा माणूस वाट पाहत बसलेला दिसायला हवा, म्हणून.

"आबाजी, डोळे मिटू नका."

"मंग गप्प कसा बसू?"

"ऐकून राहिल्यासारखं बसा."

"कोन बोलून राहिलं?"

"कोणी नाही. पण बोलतील."

आणखी एक दिवस माहीत नाही म्हणण्यात गेला. यंत्राला उत्तर सापडलं नाही तर त्या माणसाने काहीतरी म्हणायला हवं. तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा आलं तर कंटाळवाणं होतं. म्हणून सात-आठ तऱ्हेने म्हणून ठेवायचं. लक्ष्मणरावांना ते पटेना.

"मालूम आहे त्याले मालूम नाही कसं म्हनू?"

"जे मालूम नाही त्यालाच म्हणा."

"ते काय ते सांग ना. मंग म्हनतो."

शेवटी त्यांनी शाळेतल्या मुलाने पाढे म्हणावेत तसं म्हटलं. मला माहीत नाही. मला आठवत नाही. दुसरं काही विचारा. बोली सोडून पुस्तकातलं बोलले. मोनिका म्हणाली, बरं आहे. तिला बरं वाटलेलं नव्हतं, हे आत कुंताबाईंनाही कळत होतं.

कोण कोण गेलं हा प्रश्न तिने बऱ्याचदा विचारला, वेगवेगळ्या शब्दांत, कारण येणारे लोक वेगवेगळ्या शब्दांत विचारणार होते. किती माणसं दगावली. कोणाकोणाच्या घरचे गेले. तुमच्या घरचं कोणी होतं का. प्रत्येक वेळी कुंताबाई हातातलं काम थांबवत. प्रत्येक वेळी आठ नावं यायची, घराच्या क्रमाने, आणि मग आमची एक. मग त्या पुन्हा कामाला लागत.

एकदा चहा घेताना मोनिका म्हणाली, "आजी, तुम्हीपण बसा ना एक दिवस."

"मले काय येते? त्यायले विचारा."

"हिले बसवाल तं तुमची बॅटरी सरन," लक्ष्मणराव म्हणाले, "पन ही काही बोलनार नाही. लग्नात नाव घ्या म्हटलं तं अर्धा घंटा उभी होती. वऱ्हाड जेवाले बसून गेलं."

सगळे हसले. कुंताबाई कप उचलून आत गेल्या.

शेवटच्या दिवशी विनोद आणि त्याची बायको रुचिकाच्या लग्नाची लुगडी घ्यायला तुमसरला निघाले. म्हातारीच्या पसंतीनं घेतलेलं बरं, म्हणून कुंताबाईंनाही नेलं. दुकानात त्यांच्यापुढे एकामागून एक लुगडं उलगडलं. त्या सगळ्यांना चांगलं आहे म्हणाल्या. परत आल्या तेव्हा दिवे, तारा, पेट्या काही नव्हतं. खुर्चीच्या पायांभोवतीचे गोल तेवढे होते, आणि खुर्चीत लक्ष्मणराव.

"झालं?"

"झालं."

"काय विचारलं आज?"

"तेच ते."

त्यांचे हात मांडीवर होते. कुंताबाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

लग्न पार पडलं. रोवणी झाली, कापणी झाली, धान विकून झालं. दोन हजार चोवीसच्या जानेवारीत एका सकाळी लक्ष्मणराव उठले नाहीत. विनोदने दोनदा हाक मारली आणि मग आईकडे पाहिलं. कुंताबाईंनी पायांवरचं पांघरूण सरळ केलं. जमलेल्या बायकांनी त्यांना जवळ घेतलं, त्यांची पाठ थोपटली, रड म्हणाल्या. त्यांना रडू आलं नाही. तेरवीला कोणाला किती भात वाढायचा ते त्या स्वतः पाहत होत्या. रुचिका सासरहून आली होती. ती म्हणाली, आजी, तू जरा बस. त्या बसल्या. मग उठायचं त्यांना सुचलं नाही. कोणीतरी उठ म्हणेपर्यंत त्या बसून राहिल्या.

पावसाळ्यात, रोवणी उरकल्यावर, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत ते यंत्र सुरू झालं. भिंती काळ्या रंगवल्या होत्या. खोलीची किल्ली चंद्रकुमारकडे होती. तो पंचायतीचा संगणक चालवायचा आणि आता हेही चालवू लागला होता. पहिले काही दिवस कुंताबाई गेल्या नाहीत. मग विनोद म्हणाला, लोकं विचारून राहिले का बुढी काहून नाही आली. तेव्हा त्या गेल्या.

पडद्यावर लक्ष्मणराव बसले होते. धोतर, बंडी, दुपट्टा. ते डोळे मिचकावत होते, श्वास घेत होते. एकदा त्यांनी मान जराशी डावीकडे केली. तिकडे ओसरीत गाय बांधलेली असायची. कुंताबाई उभ्या राहिल्या. त्यांना काही वाटेल म्हणून विनोद आणि चंद्रकुमार दोघं त्यांच्याकडे पाहत होते. बंडीचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं. त्या वेळी आपल्या लक्षात आलं नाही, एवढंच त्यांना वाटलं.

"बोला काकी," चंद्रकुमार म्हणाला. "हे बटन दाबून धरा आन विचारा. कायबी विचारा."

"काय विचारू?"

"तुमच्या मनानं. लेकरं तं त्यायले शाळेचा अभ्यास विचारून राहिले."

कुंताबाईंनी बटण दाबलं.

"कोन कोन गेलं त्या दिवशी?"

पडद्यावरचे हात मांडीवरून उचलले गेले. लक्ष्मणरावांनी आठ नावं घेतली, घराच्या क्रमाने. "आन आमची एक," ते म्हणाले, आणि हात जागेवर आले.

कुंताबाईंनी बटण सोडलं नव्हतं. जन्मात त्यांनी नवऱ्याला हे विचारलं नव्हतं. पडद्याला विचारणं सोपं गेलं.

"आमची एक म्हंजे कोन? तिचं नाव काय?"

लक्ष्मणरावांचे हात या वेळी मांडीवरच राहिले. मग म्हणाले, "ते मले नोका विचारू. विनोदच्या मायले विचारा. तिले मालूम आहे."

चंद्रकुमार हसला. विनोदही हसला.

"हे ते सगळ्यायलेच म्हनतेत, काकी. काल एका पोरानं विचारलं, आबाजी, तुमचा आवडता क्रिकेटवाला कोन? तं म्हने, विनोदच्या मायले विचारा. लय हसले लोकं."

कुंताबाईंनी बटण सोडलं. पडद्यावर लक्ष्मणराव वाट पाहत बसले.

"चाल," त्या विनोदला म्हणाल्या. "गाय पान्हावली असन."

त्यानंतर लोक घरी यायला लागले. पहिल्यांदा गावातलीच दोन मुलं आली. ती दाराशी उभी राहून एकमेकांना ढकलत होती.

"काय रे?"

"आबाजीनं तुमाले विचारा म्हटलं."

"काय विचारा म्हटलं?"

"त्यायले मोबाईल चालवता ये का?"

"नाही ये. बटनाचा होता, तो बी उलटा धरत."

मुलं पळाली. मग मोहाडीच्या शाळेची सहल आली आणि मास्तरीणबाई अर्धा वर्ग घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. कोणाला आबाजींना पोहता यायचं का ते हवं होतं, कोणाला त्यांना जेवायला काय आवडायचं ते. एकाने विचारलं, ते तुम्हाले मारत का? मास्तरीणबाईंनी त्याचा दंड धरला. कुंताबाई म्हणाल्या, "नाही. मीच एकदा लाटनं फेकलं होतं. लागलं नाही." पोरं खिदळली. लाखोरीच्या डाळीचे वडे आवडत, त्या म्हणाल्या, पोहता येत होतं. पोहता येत होतं म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच, मंग त्यायनं वाचवलं काहून नाही? कुंताबाई म्हणाल्या, "ते पारीवर होते." आणि घागर उचलून आत गेल्या.

विनोदला हे आवडलं नाही. लोक अवेळी येत, चपला तुळशीजवळ काढत. त्याने चंद्रकुमारला सांगितलं, चंद्रकुमारने नागपूरला फोन केला.

"बुढा गेला आन तुले कामाले लावून गेला," विनोद आईला म्हणाला.

"जिता असताना का बसवून ठेवलं होतं?"

त्याला वाटलं आई चिडली. ती चिडली नव्हती. प्रश्न यायचे, ती उत्तरं द्यायची. कोणी गेलं की ते काय विचारून गेले ते तिला आठवत नसे. एकच गोष्ट आत कुठेतरी टोचत राहायची. नवरा आयुष्यभर ते नाव टाळत आला, आणि आता पडद्यावर बसूनही त्याने ते आवडत्या क्रिकेटवाल्याच्या रांगेत बसवलं. आपण गेल्यावर ते नाव कुणालाच माहीत नसणार, हे ती अधूनमधून मनात म्हणायची, धान संपत आलं आहे असं म्हणावं तसं.

कापणी झाल्यावर मोनिका आली. ती एकटीच होती, पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी. कुंताबाई अंगणात लाखोरीची डाळ निवडत होत्या. मोनिका त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि तीही डाळ निवडायला लागली. खडे बाजूला काढता काढता तिने चांगली डाळही बाजूला काढली. कुंताबाईंनी ती परत सुपात टाकली.

"आजी, लोक तुम्हाला त्रास देऊन राहिले म्हणे."

"त्रास कायचा? येतेत, जातेत."

"चूक माझी आहे. मी ते वाक्य आजच काढून टाकते. चंद्रकुमारदादांना सांगितलं आहे. आता ते 'मला माहीत नाही' एवढंच म्हणतील."

"मंग आदी काहून नाही लावलं तेच?"

मोनिकाने एक खडा हातात घेतला, पाहिला, टाकला.

"ते पाठ केल्यासारखं वाटायचं, आजी. सगळीच वाक्यं तशी. मी म्हणा म्हटलं म्हणून आबाजी म्हणाले. हे एकच त्यांच्या मनातून आलेलं होतं. त्यांच्या बोलीत, त्यांच्या आवाजात. ऐकलं तर घरचा माणूस बोलून राहिला असं वाटतं. म्हणून उत्तर नसेल तिथे मी तेच लावलं. लोक खरंच तुमच्याकडे येतील असं मला वाटलं नव्हतं."

कुंताबाईंचा हात सुपात होता.

"म्हंजे हे तू बोलाले नाही लावलं?"

"नाही. ते एका प्रश्नाचं उत्तर होतं."

"कोनत्या?"

अंगणापलीकडे विनोदने मोटर सुरू केली होती, तिचा आवाज येत होता.

"शेवटच्या दिवशी मी विचारलं," मोनिका म्हणाली. "आबाजी, सगळ्यांची नावं घेता, तिचं काहून नाही घेत? काय नाव होतं तिचं? तर ते किती तरी वेळ बोललेच नाही. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले ते. मले नोका विचारू, विनोदच्या मायले विचारा, तिले मालूम आहे."

"आन मंग?"

"मग मी पुढचा प्रश्न घेतला. मला वाटलं, सांगायचं नाही म्हणून टाळून राहिले."

कुंताबाई डाळीकडे पाहत होत्या.

"आन तू नाही आली विचाराले."

"तुम्ही तुमसरला गेल्या होत्या."

"संध्याकाळी आली होती मी."

"हो," मोनिका म्हणाली. "राहून गेलं, आजी."

मोनिकाने पुन्हा सुपाला हात लावला नाही. कुंताबाईंनी निवडलेली डाळ डब्यात ओतली, खडे हातात गोळा केले आणि कुंपणाशी नेऊन टाकले. रांजणाजवळ हात धुतले, चेहऱ्यावरून पाण्याचा हात फिरवला. येताना त्या ओसरीत थांबल्या.

"पिशवीत ते आहे का? फोटोचं?"

"आहे."

"याच लुगड्यात चालन?"

"चालेल. पण पुढे रोज हेच नेसावं लागेल, आबाजींसारखं. सगळी उत्तरं घ्यायची असतील तर."

"सगळी नाही. एकच आहे."

मोनिकाने कॅमेरा बाहेर काढला. खुर्ची उजेडाकडे वळवली. कुंताबाई बसल्या आणि पदर नीट केला. चित्रणात आवाज येईल म्हणून मोनिकाने मोटरकडे पाहिलं. विनोद काय चाललं आहे ते पाहायला आला होता. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि आईला खुर्चीत बसलेलं पाहून तिथेच उभा राहिला.

"दादा, जरा ती मोटर बंद कराल?"

"बांधीत पानी चालू आहे."

"जरा वेळ."

"काय सांगून राहिली तू, माय?"

कुंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, त्याच्या पायाला चिखल होता.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "तू बी आयक."

तो गेला. मोटर थांबली. लांब तलावाकडून कोणीतरी गुरांना हाक देत होतं, तीही थांबली. विनोद परत येऊन दाराच्या चौकटीला टेकला.

"विचारते," मोनिका म्हणाली.

"विचार."

"आजी, पार फुटली त्या दिवशी तुमच्या घरचं कोण गेलं?"

कुंताबाईंनी हात मांडीवर ठेवले. मोनिकाने कॅमेरा थांबवला नाही, पुन्हा विचारलंही नाही. कुंताबाईंनी पदराने ओठ पुसले आणि शेजारणीला साधं काही सांगावं तसं त्या बोलल्या.

"रुखमा," त्या म्हणाल्या. "रुखमा होती आमची. त्या दिवशी गेली."

त्यांना आणखी काही सांगायचं नव्हतं. मोनिकाने कॅमेरा बंद केला. दाराशी विनोदचे ओठ एकदा हलले. ते नाव त्याने आवाज न करता म्हणून पाहिलं.

रुखमा लक्ष्मण सेलोकर, वय वर्षे चार, कवठटोल्याच्या तलावाची पार फुटली त्यात तीन सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर रोजी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, वारली.